हजराबीची डाळ आणि दोन एकर

बाभुळगावच्या अय्यूब मेकॅनिकनं विठ्ठलरावांचं दोन एकर वावर पसंत केलं, तेव्हा सारं गॅरेज हसलं. "कापसापायी लोक वावरं विकून राह्यले, अन् हा घेऊन राह्यला!" विठ्ठलरावही कापसाला कंटाळूनच नागपूरला लेकाकडे निघाले होते. अय्यूबला कापूस लावायचाच नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे विहिरीजवळचं कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याखाली स्वतःची खाट.

"शुक्रवारपर्यंत थांबतो," विठ्ठलराव म्हणाले. "मंग दुसरं गिऱ्हाईक हाय."

बुधवारी अय्यूब तलाठी अनघा मॅडमकडे गेला. म्हातारी आई, हजराबी, हट्टानं स्कूटरवर मागे बसून आलीच. मॅडमनी सातबाऱ्यावर बोट ठेवून एकेक ओळ समजावली. "मालक एकटे विठ्ठलराव. बँकेचा बोजा नाही. विहिरीत कुणाचा वाटा नाही. छान! आता तुमचा सातबारा दाखवा."

"माहा कुठचा? मी तर आता घेऊन राह्यलो!"

"शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, अय्यूबभाई. तुमच्या नावावर कुठं गुंठाभर तरी आहे का?"

अय्यूबच्या डोळ्यांपुढची खाट उलटी झाली.

"मी हाय ना शेतकरी," हजराबी म्हणाली.

"अम्मी, तू डब्यात पुदिना लावतं!"

"महागावले माह्या अब्बाचं वावर हाय. त्यात माहंबी नाव लागलं."

मग अय्यूबला आठवलं. दरवर्षी मामू तुरीच्या डाळीचं गाठोडं आणि बहिणीनं वाटा सोडावा म्हणून हक्कसोडीचा कागद सहीला घेऊन येत. हजराबी डाळ ठेवून घेई आणि कागद परत करी.

"सही केली असती, तर डाळ आली असती काय?" ती म्हणाली.

मॅडम हसता हसता खुर्चीत मागे रेलल्या. "मावशी, नाव अजून असेल तर तुम्ही खातेदार. उतारा आणा, खरेदी तुमच्या नावानं होईल."

गुरुवारी पहाटेच मायलेक एसटीनं महागावला गेले. तिथल्या तलाठ्यानं उतारा दिला, पण अय्यूबला वाचायचा धीर होईना. मामूनं परस्पर नाव काढलं असलं तर? पहिलं नाव थोरल्या मामूचं. दुसरं धाकट्याचं. तिसरं...

"हजराबी!" तो एवढ्यानं ओरडला की बाहेर बांधलेली बकरी दावं तोडून पळाली.

"हळू बोल," हजराबी म्हणाली. "शेतकरणीसमोर उभा हायस."

शुक्रवारी तिनं खरेदीखतावर असा अंगठा दाबला की शाई कोपरापर्यंत गेली. पंधरा दिवस हरकतीची नोटीस लागली, कुणी आलं नाही, आणि वावर तिच्या नावावर चढलं. त्या दिवशी अय्यूबनं गॅरेजला चहा पाजला. वर्षाचा शेतसारा त्या चहाहून कमी निघाला, पण तो भरायला हजराबी नवी साडी नेसून गेली.

पुढच्या हिवाळ्यात लिंबाखाली खाट पडली. तिच्यावर हजराबी बसली होती. अय्यूब उन्हात तुरीच्या पेंढ्या बांधत होता आणि त्याचं हसू काही केल्या थांबत नव्हतं.

"आटप," ती म्हणाली. "मामूकडं डाळ धाडायची हाय."

"अन् त्यायच्या कागदावर सही?"

"त्यायले म्हण, पह्यले डाळ खा."

अय्यूब पेंढीसकट खाली बसला आणि पोट धरून हसला.

"बसला कायले? मजुरी कापीन!" खाटेवरून मालकीण ओरडली.