खिळ्यावरची माळ

या मंडळी, असं जवळ सरकून बसा. मोबाइल खिशात घाला. एका माळेची गोष्ट सांगतो, ऐकून जीव निवंल.

फुलंब्रीच्या मनकर्णाबाईंचा सार्थक संभाजीनगरात विद्यापीठात शिकायचा. दरवर्षी गावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनाला टाळ घेऊन उभं राहणारं पोरगं यंदा फोनवर म्हणालं, "अभ्यास हाय, जमायचं नाय." बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एसटी धरली आणि भरदुपारी त्याच्या खोलीचं दार वाजवलं.

एवढ्या उन्हाळ्यात पोराच्या गळ्याला मफलर. पाया पडायलासुद्धा वाकला नाही. बाईंना मफलरातला मोकळा गळाच दिसू लागला. तुळशीची माळ उतरली की माणूस मटणाला मोकळा झाला, हे त्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून खोलीतला जोडीदार झीशान, कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला. खिडकीत त्याचा डबा होता. पाणी घ्यायच्या निमित्तानं बाईंनी तो हळूच उघडून हुंगला. भेंडी निघाली. पण आज भेंडी, काल काय असंल?

"मफलर काढ."

"सर्दी झालीय आई."

"नाक तर कोरडं ठाक हाय."

त्यांनी स्वतःच ओढला. आत हनुवटीपर्यंत पांढरा पट्टा. माळ नव्हतीच.

"कुणी मारलं?"

"कुणी नाय. दिवसभर फोनमध्ये बघून मान धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला, म्हणून माळ काढून ठेवली. आता सापडंना. तुला वाटतंय तसलं काही खाल्लं नाय मी. पण बिनमाळेचा टाळकऱ्यांत कसा उभा राहू?"

बाईंची नजर झीशानकडे वळली. संशयाला आता तोच उरला होता.

"तुला दिसली का रं?"

"हौ काकू. खाली पडली होती, पायात येईल म्हणून वर टांगली. याला सांगितलं पण. हा फोनमध्ये मुंडी घालून 'हां हां' बोलला."

त्यानं बोट दाखवलं. सार्थकच्या गादीच्या बरोबर वर, खिळ्याला, धुतलेल्या रुमालात बांधलेली माळ. फोनपायी पोरानं वर पाहिलंच नव्हतं, आणि पट्ट्यानं मान वर करताही येईना.

बाईंनी माळ काढून कपाळाला लावली, पट्ट्यावरूनच पोराच्या गळ्यात घातली. "पट्ट्यासकट चल सप्ताहाला. विठोबा काय हसत नाय." मग झीशानजवळ बसल्या. "भेंडी कुणी केली?"

"अम्मीनं."

"वाढ थोडी. मघाशी नुसता वास घेतला मी."

तर मंडळी, कीर्तनात हात वर कराल तेव्हा मानही वर करा, आणि माळेला रुमाल बांधणाऱ्या त्या झीशानची एकवार आठवण ठेवा.