पांढऱ्या टपाची गाडी

गाडी आमची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. कारण आमचे हे तिच्याबद्दल असं बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, वडिलांनी मागे ठेवलेली इस्टेट आहे. गाडी होती अंबरनाथच्या शरदचंद्र प्रधान साहेबांची. साहेब तिथल्या एका कारखान्यात मोठे अधिकारी. मुंबईच्या एका पारशाकडून त्यांनी ती जुनी, दोन दारांची, टप उघडणारी गाडी घेतली, तेव्हा टपाच्या चिंध्या झाल्या होत्या. आमचे हे, म्हणजे भीमराव, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या दुकानात कारागीर होते. त्यांनी पांढऱ्या जाड कापडाचा नवा टप शिवला, पांढऱ्या सीटा शिवल्या. तिथून पुढे सात वर्षं ती गाडी कशी चालायची आणि कुठे उभी राहायची हे साहेबांनी नाही, ह्यांनी ठरवलं. दर रविवारी हे अंबरनाथला जायचे आणि साहेबांना साहेबांच्याच गाडीतून फिरवून आणायचे.

नियम तरी किती. टप ओला असताना दुमडायचा नाही, बुरशी धरते. मागची खिडकी प्लास्टिकची, तर तिच्या घडीत धुतलेला पंचा घालायचा, नाहीतर चीर जाते. थंडीत आधी गाडी अर्धा तास उन्हात ठेवायची, मग टपाला हात लावायचा. झाडाखाली उभी करायची नाही, कारण वर कावळे असतात. कारखान्याच्या चिमणीच्या वाऱ्याला उभी करायची नाही, काजळी बसते. खडीच्या ट्रकमागे जायचं नाही. उन्हात थांबली की सीटांवर चादर घालायची. उघड्या गाडीला कुलूप लावून उपयोग नाही, तेव्हा तिच्यापाशी एक माणूस कायम पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे स्वच्छ अंगाने, स्वच्छ कपड्यांनी बसायचं. एकदा साहेब आंबा खाऊन आले, तर ह्यांनी त्यांना हात धुवायला परत घरात पाठवलं होतं. मी नगरपालिकेच्या बालवाडीत शिकवायची. चाळीस पोरांना मी जेवढे नियम लावले नाहीत, तेवढे ह्यांनी एका अधिकाऱ्याला लावले.

मी चिडवायची, "लग्न माझ्याशी केलंत की तिच्याशी?"

"तुला ऊन लागलं तर तू सावलीत जाशील," हे म्हणायचे. "ती कुठे जाणार?"

मला त्या गाडीचं वेड कळत नव्हतं, ते एका रविवारपर्यंतच. टप नवा बसवला तेव्हा साहेब म्हणाले, एक लांब चक्कर मारून बघा, घरच्यांना घेऊन जा. आम्ही बदलापूरहून बारवी धरणाकडे निघालो. सोनिवली मागे पडलं, रस्ता झाडांखाली शिरला, आणि ह्यांनी सांगितलं, "आता वर बघ." मी वर बघितलं. डोक्यावर काही नव्हतंच. फांद्या मागे पळत होत्या, त्यांच्यामधून ऊन अंगावर पडत होतं आणि निघून जात होतं, आणि सगळ्याच्या वर आभाळ, कुठेही न कापलेलं. मी एसटीत बसले होते, टेम्पोत, टांग्यात, बैलगाडीत. पण इतक्या मऊ जागेवर बसून, कुणाला जागा न देता, अख्ख्या आभाळाखालून जाणं मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"वाऱ्याने येतं," हे म्हणाले. "काच वर घे."

वाऱ्याने नव्हतं येत. पण मी काच वर घेतली.

मग एक्क्याण्णव साल आलं. बाबासाहेबांची शंभरावी जयंती. आमच्या वस्तीत दरवर्षी तसबीर टेम्पोवर निघायची, पण शंभरावी टेम्पोवर कशी काढायची? समितीच्या बैठकीत सगळे बोलत होते, आणि आमचे हे, जे कधी बैठकीत तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "उघडी गाडी आणतो. पांढरी." मग सगळे एकदम बोलायला लागले.

साहेब हो म्हणाले, पण त्यांची एक अट होती. त्यांच्या मुलीचं, नीलिमाचं लग्न मे महिन्यात होतं, आणि ती त्याच गाडीतून सासरी जायची होती. पोरीने लहानपणापासून तसं ठरवलेलं. "भीमराव, पांढऱ्या कापडावर निळा गुलाल पडला की निघत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंय," साहेब म्हणाले. "एक ठिपकासुद्धा नको. तुमच्या शब्दावर देतोय."

ह्यांनी शब्द दिला. घरी आले तेव्हा चेहरा उतरलेला. जयंतीची मिरवणूक, तीही शंभरावी, आणि निळा गुलाल नाही? समितीचा किसन तर उसळलाच. "भावजी, गुलाल नको तर मग मिरवणूक कशाला काढायची, शोकसभा घ्या ना डायरेक्ट." शब्द पाळला तर वस्ती नाराज होणार, आणि मोडला तर सात वर्षांचा विश्वास आणि एका पोरीचं लग्न, दोन्ही जाणार. दोन रात्री ह्यांना झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "गाडीभोवती आम्ही बायका कडं करतो. पांढऱ्या साड्या नेसून, हातात हात घालून. पुढे मागे काय उधळायचं ते उधळा, कड्याच्या आत काही नाही."

चौदा तारखेला चार वाजता मिरवणूक चौकातून निघाली. ह्यांनी घडी केलेल्या टपाला स्वतः शिवलेली खोळ घातली होती, मागच्या सीटवर चौरंग, त्यावर तसबीर आणि मोगऱ्याचे हार. पुढे लेझीम, बँडबाजा, आणि सगळी हवा निळी. त्यानंतर आम्ही चोवीस बायका, आणि आमच्यामध्ये ती पांढरी गाडी, माणसाच्या चालीने चाललेली.

मला वाटलं होतं, ढकलाढकली होईल, पोरं ऐकणार नाहीत. पण झालं ते मी अजून विसरले नाही. दोन्ही बाजूंना माणसं मुठी भरून उभी होती. गाडी जवळ आली की मुठी मिटायच्या. माणसं तशीच थांबायची, निळे हात छातीशी धरून, आणि गाडी पुढे गेली की मग उधळायची. कुणी सांगत नव्हतं. शेकडो मिटलेल्या मुठींमधून ती गाडी गेली. उघड्या गाडीत, आभाळाखाली तसबीर, आणि ऊन थेट काचेवर. माझ्या अंगावर काटा आला.

मिरवणूक आमच्या वस्तीतल्या विहारापाशी संपायची होती. गल्लीच्या तोंडाशी बाजेवर माझी सासू बसली होती, गयाबाई. ऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले. छप्पन साली नागपूरला जाऊन आलेली बाई. दरवर्षी तसबिरीवर पहिली मूठ तिची असायची. तिला अट सांगितली होती. जन्मात कुणाचं न ऐकलेल्या त्या म्हातारीने दोन्ही मुठी गच्च मिटून मांडीवर ठेवल्या होत्या आणि ती नुसती बघत होती.

ह्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, चावी मला दिली, दार उघडलं आणि आमच्या हातांखालून वाकून कड्याबाहेर गेले. बाजेसमोर गुडघ्यांवर बसले आणि आईपुढे डोकं वाकवलं.

"माझ्यावर टाक, आई."

तिने उजवी मूठ उघडली. केस, कपाळ, खांदे, पांढरा सदरा, सगळं निळं झालं. म्हातारी हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

हे उठले, गाडीपाशी आले, आणि हात पुढे करून थबकले. मला एकदम समजलं. नियम होता. त्या अंगाने त्यांना गाडीत बसता येणार नव्हतं. मिरवणुकीत ज्यांना गाडी चालवता येत होती ते सगळे नखशिखांत निळे होते. आसपास स्वच्छ होत्या फक्त आम्ही चोवीस बायका.

"रखमा, तू बस," हे म्हणाले.

"मला कुठे येते?"

"इंजिन बंदच राहू दे. मधलं पायडल म्हणजे ब्रेक. दुसरं काही लक्षात ठेवू नको."

मी बसले. तेवीस बायकांपैकी आठ मागे गेल्या आणि ढकलायला लागल्या, बाकीच्यांनी कडं पुन्हा बांधलं. बँड थांबला होता. गाडीचा आवाज नव्हता, फक्त चाकांखाली खडे दबत होते. समोर हे उलटे चालत होते, निळेनिळे, आणि हाताने दाखवत होते, जरा डावीकडे, आता सरळ. मागच्या सीटवर तसबीर, डोक्यावर आभाळ आणि चाक माझ्या हातात. मला इतकं भरून आलं, की हा रस्ता संपूच नये असं वाटलं. पण विहार आला आणि मी ब्रेक दाबला. मागोमाग पोरांनी सासूला बाजेसकट उचलून आणलं आणि विहारासमोर आमच्या दाराशी ठेवलं.

साहेब सगळा वेळ गर्दीच्या बाहेरून, उधळणीपासून लांब चालत आले होते, गाडीवर लक्ष ठेवायला. सात वर्षांत ते आमच्या वस्तीत पहिल्यांदाच आले. तसबीर आत नेल्यावर त्यांनी सीटा पाहिल्या, टपाची खोळ काढून घड्या पाहिल्या, वाकून शिवण पाहिली. ठिपका नव्हता. हे चार हात दूर उभे होते, गाडीला अंग लागू नये म्हणून. मी साहेबांना चावी दिली.

साहेबांनी ती घेतली आणि बाजेकडे बघितलं. मग ह्यांना म्हणाले, "आईंची दुसरी मूठ अजून मिटलेलीच आहे."

"कुणाला तरी टाकेल ती," हे म्हणाले.

साहेब बाजेपाशी गेले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि वाकले. सासूने क्षणभर त्यांच्या टकलाकडे बघितलं आणि डावी मूठ रिकामी केली.

साहेब गाडीकडे वळले, तोच हे पुढे झाले.

"नाही साहेब. आता तुम्ही पण बसायचं नाही."

"मग मी घरी कसा जाऊ?"

"डोकं धुऊन. चला."

गाडी उघडी होती, म्हणून तिच्यापाशी माणूस पाहिजे होतं, आणि स्वच्छ मी होते. मी चाकामागे बसून राहिले. आमचं घर समोरच. दार उघडं होतं. माझ्या मोरीत, माझ्या तांब्याने हे साहेबांच्या डोक्यावर पाणी ओतत होते आणि साहेब चेहरा चोळत होते. बाजेवरून सासू सांगत होती, "डोळं मीट रं साहेबा, डोळ्यांत जाईल."

साहेबांनी डोळे मिटले.