विश्वस्ताची निळी फाइल

मित्रांनो, तो मंगळवार अगदी साधा होता. साउथहॅम्प्टनमधल्या एका घरात मी जेवणाच्या टेबलावर उघडी पडले होते आणि शशी केतकर वरणभात जेवता जेवता माझी पानं उलटत होते. मी एक जुनी निळी फाइल आहे. पुठ्ठा झिजलेला, कड्या गंजलेल्या. जरा धक्का लागला की खुळखुळतात. त्या दिवशी त्यांना चैन पडत नव्हतं. गुरुवारी बैठक होती.

शशी बंदरातल्या क्रेन कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा कामगारांनी त्यांना पेन्शन फंडाचे विश्वस्त म्हणून निवडलं. त्याच आठवड्यात त्यांनी मला विकत आणलं. नऊ वर्षं माझ्या पोटात फंडाचे नियम, सल्लागारांचे अहवाल आणि त्यांची पेन्सिलीतली टिपणं साठत गेली. बैठकीत कुणी अडलं की सगळे शशींच्या फाइलकडे बघत. मला तेव्हा फार भारी वाटायचं.

मग गेल्या वर्षी उर्वीने माझ्यातलं एक पान वाचलं. उर्वी त्यांची मुलगी, फुफ्फुसांची डॉक्टर.

"बाबा, तुमच्या फंडात टोबॅकोचे शेअर्स आहेत?"

"आहेत थोडे."

"मग विकून टाका ना! वॉर्डमध्ये मी रोज काय बघते, यू नो दॅट."

"माझे असते तर आजच विकले असते. पण पेन्शन अकराशे माणसांची आहे, अगं. ती माझ्या भावनेवर नाही चालवता येत. त्यांचं नुकसान होईल का, ते सल्लागाराला विचारायचं. त्यांनाही असंच वाटतं का, ते त्यांना विचारायचं. कायदा असा आहे की—"

"कायद्याच्या मागे लपताय तुम्ही. दॅट्स ऑल."

शशींनी सगळ्या सदस्यांना पत्रं पाठवून त्यांचं मत विचारलं. त्यानंतरही उर्वी दर मंगळवारी जेवायला यायची. पण मी टेबलावर आले की ती उठून भांडी विसळायला लागायची. "ऐक तर," असं ते दोनदा म्हणाले. तिने नळ मोठा केला.

बैठकीआधीच्या त्या मंगळवारी तिने टोमणा मारला, "काय, तुमचे क्रेनवाले अजून थिंकिंगच करतायत का?"

"आली सगळी उत्तरं. गुरुवारी बैठकीत ठेवायचीत. अर्ध्यांनी सिगारेट ओढतच लिहिलीयेत. वास घे हवा तर."

तिला हसू येत होतं. तिने ते दाबलं आणि कोट घातला.

बुधवारी सकाळी बसस्टॉपवर त्यांचं हृदय थांबलं. मी त्यांच्या पिशवीतच होते.

पुढचे तीन आठवडे मी जिन्याखाली, बुटांच्या शेजारी. बैठक पुढे ढकलली होती, उत्तरं माझ्यापाशी होती आणि मला बोलता येत नव्हतं. शेवटी फंडाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला, त्यांना फाइल हवी होती. उर्वीने मला बाहेर काढलं. दाराशी ठेवलं. पुन्हा उचललं आणि पायरीवर बसून उघडलं.

सल्लागाराने लिहिलं होतं, शेअर विकले तर फारसं नुकसान नाही. मग सदस्यांची पत्रं. एकाने बजावलं होतं, "माझी पेन्शन, माझी सिगारेट. मध्ये पडू नका." पण बहुतेकांचं म्हणणं विका असंच होतं. एक म्हातारा क्रेनचालक लिहीत होता, "मला काही सिगारेट सुटत नाही. निदान माझ्या पेन्शनवर तरी त्या कंपन्यांनी जगू नये." शेवटच्या पानावर पेन्सिलीतलं टिपण होतं: "उर्वीचंही हेच मत. माझंही. म्हणून सगळं दोनदा तपासलं."

मित्रांनो, दुसऱ्याची ठेव सांभाळणारा माणूस सावकाश चालतो. त्याला भित्रा ठरवायची घाई करू नका. तो बोलायला बसला, तर तुम्हीही बसा.

उर्वी खूप वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. घरात कुणी नव्हतं. तरी ती मोठ्याने म्हणाली,

"सांगा ना, बाबा. मी ऐकते."