तेलात बुडवलेली चेन

मित्रांनो, मी गिअरच्या सायकलची एक जुनी चेन आहे, आणि जवळ येण्याआधीच सांगून ठेवते, मला हात लावू नका. माझ्या अंगावरचं काळं आता निम्मं निघालंय, तरी उरलेलं तुमच्या नखांत दोन दिवस राहील. त्या काळ्यात काय काय आहे ते ऐका. रस्त्याची धूळ, गॅलरीत वाळणाऱ्या टॉवेलांचे तंतू, दोन मुंग्या, कुणाचा तरी लांब केस, आणि हे सगळं धरून ठेवणारं शिवणयंत्राचं तेल. शी. नुसतं सांगतानाही मला मळमळतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकशे बारा कड्या, प्रत्येक कडीत फिरणारा छोटा रूळ आणि आरपार बसवलेली पिन. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला दिव्याखाली धरलं, वाकवून पाहिलं आणि "छान" म्हणाल्या. मी तेव्हा चांदीसारखी चमकत होते. पुढे बरीच वर्षं मला कुणी छान म्हणालं नाही, त्यामुळे तो शब्द माझ्या चांगलाच लक्षात आहे.

मला विकत घेतलं एका गणिताच्या बाईंनी. मला म्हणजे सगळ्या सायकलीला, पण पायांचा जोर चाकापर्यंत नेते कोण? मीच ना. बाई रोज पहाटे शाळेच्या आधी तासभर सायकल चालवायच्या. गावाबाहेर टेकडीचा एक खडा चढ होता. दोनदा त्या तिथे अर्ध्यावर उतरल्या होत्या आणि सायकल ढकलत वर गेल्या होत्या. आता रविवारी त्यांच्या सायकलवाल्या मंडळींची चढाई होती, आणि या खेपेला पाय टेकवायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. सहा महिने त्यांनी तयारी केली. त्यातला एकेक दिवस मी त्यांच्या पायाखाली फिरलेय.

आता घरातल्या दुसऱ्या माणसाकडे येते, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांकडे. सासरेबुवा चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त करत होते. कुठल्याही मशीनचा आवाज ऐकून ते बिघाड सांगायचे, अशी त्यांची ख्याती. आता दुकान बंद झालं होतं, हात थोडे थरथरत होते, पण चोचीची तेलाची कुपी काही सुटली नव्हती. ती कुपी माझ्या नशिबी आली.

शिवणयंत्र राहतं घरात, झाकणाखाली, स्वच्छ कापडाशेजारी. त्याला दोन थेंब तेल दिलं की ते खूश. मी राहते रस्त्यावर. माझ्यावर तेल ओतलं की धूळ येऊन चिकटते, आणि त्या धुळीवर पुन्हा तेल ओतलं की तिचा लगदा होतो. तो लगदा माझ्या पिनांमध्ये शिरतो आणि आतून झिजवतो. हे सासरेबुवांना कोण सांगणार? रोज संध्याकाळी ते यायचे, पेडल उलटं फिरवायचे आणि कुपी पचापच दाबायचे. पुसणं म्हणून नाही. एकदा तर फडकं हातात असताना त्यांनी त्यानं सीट पुसली. सीट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

व्हायचं तेच झालं. मी खरखरायला लागले.

"बाबा, चेन आवाज करतेय," बाई म्हणाल्या. "एकदा दुकानात दाखवून आणते."

"घरात मिस्त्री असताना दुकानात कशाला?" सासरेबुवा म्हणाले. "तहान लागलीय तिला. दुसरं काही नाही."

आणि पुन्हा पचापच. मित्रांनो, इतक्या मायेनं कुणी तुमच्या अंगावर घाण थापली तर तुम्ही काय कराल? बाईंच्या उजव्या पोटरीवर रोज माझ्या कड्यांची काळी नक्षी उमटायची. शाळेतल्या मुली ती मोजून आपसांत खुसखुसायच्या. बाई हसण्यावारी न्यायच्या. मला मात्र लाज वाटायची.

इथवर जे झालं ते नुसतं घाणेरडं होतं. बुधवारी जे झालं ते धोक्याचं होतं.

दुपारी घरात सासरेबुवा एकटेच होते. सायकल भिंतीवरच्या हुकाला टांगलेली असायची. खालची फरशी पुसायची म्हणून त्यांनी ती खाली काढायला घेतली. वजन अर्ध्यावर आलं आणि हात थरथरला. सायकल त्यांच्या नडगीवर आपटून उजव्या अंगावर आडवी झाली. उजव्या अंगाला आम्ही सगळे असतो, मी, मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या, आणि मला एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर. तो डिरेलर फ्रेमला एका छोट्या धातूच्या कानानं लटकतो. तो कान मऊ असतो. तो आत वाकला.

सासरेबुवांनी सायकल उभी केली. रंग निघालाय का ते पाहिलं. फरशीवर माझ्या तेलाचा डाग पडला होता, तो घासून घासून काढला. माझ्यावरचा चिखल वर्षभर दिसला नाही, पण फरशीवरचा डाग बरा दिसला. मग ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले. संध्याकाळी सगळे घरी आले, आणि ते मूग गिळून बसले.

गुरुवारी मी धड चालेना. मधल्या चकत्यांवर टकटक करायचे. बाईंनी एक गिअर बदलला की दोन बदलायचे, नाहीतर बदलायचेच नाही. वाकलेल्या कानानं माणसाला नीट ऐकू येईल, पण मला नीट चालता येत नाही. बाईंनी घरी सांगितलं. सासरेबुवांनी सायकल उलटी करून ठेवली, शिवणयंत्राचा बारीक पेचकस आणला आणि डिरेलरचे दिसतील ते स्क्रू फिरवले. एका चकतीवर आवाज थांबला की दुसरीवर सुरू. त्या स्क्रूंपैकी एक हद्दीचा असतो. डिरेलरनं आत किती जायचं, हे तो ठरवतो. त्याच्या पलीकडे चाकाच्या तारा असतात. तो स्क्रू त्यांनी दोन वेढे सैल केला.

पेडल फिरवल्यावर तारांना लागून असलेल्या सगळ्यात मोठ्या चकतीवर बारीक टिंग वाजलं. तार आणि डिरेलर एकमेकांना चाटून गेले. सासरेबुवांचा हात थांबला. त्यांनी तो आवाज ऐकला, हे मला कळलं. आणि तरी त्यांनी काय केलं? कुपी उचलली. मला तेव्हा त्या माणसाची इतकी किळस आली की काय सांगू.

शनिवारी संध्याकाळी बाईंनी कुणाचं न ऐकता सायकल दुकानात नेली. सासरेबुवा मागोमाग आलेच. दुकान एका बाईमाणसाचं होतं, आखूड केस, बाह्या वर दुमडलेल्या. तिला सगळे ताई म्हणायचे. रविवारच्या चढाईमुळे रांगेत सहा सायकली उभ्या होत्या.

ताईनं सायकल स्टँडवर चढवली, मला पाहिलं आणि नाक मुरडलं. माझ्याइतकीच किळस वाटणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

"ही शेवटची पुसली कधी?" तिनं विचारलं.

"तेल रोज घालतो मी," सासरेबुवा म्हणाले.

"तेल दिसतंय, काका. मी पुसायचं विचारलं."

तिनं माझ्यात मापाची पट्टी अडकवून पाहिली. पट्टी सहज आत गेली. म्हणजे माझ्या पिना झिजून मी लांबले होते, माझं आयुष्य संपलं होतं. तिनं मला काढलं, बाकावर टाकलं आणि नवी चेन बसवली. मग ती सायकलीच्या मागे जाऊन एक डोळा मिटून बघत राहिली. हद्दीचा स्क्रू तिनं जागेवर आणला. डिरेलर तारांपासून केसभर लांब राहिला.

"कान वाकल्यासारखा वाटतोय," ती म्हणाली. "सायकल पडली होती का?"

"माझ्याकडून तर नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"नाही," सासरेबुवा म्हणाले.

"उजव्या बाजूवर? टेकवून ठेवलेली घसरली वगैरे?"

"नाही म्हटलं ना."

ताईनं रांगेकडे पाहिलं. "मग गिअरची केबलच ताणलेली असेल. कान तपासायचा तर डिरेलर सोडवावा लागतो, ते पुढच्या आठवड्यात करू. स्टँडवर तरी आवाज नाही. उद्या चढावर बिनधास्त मोठ्या चकतीवर टाका."

बाकावर पडल्या पडल्या मी हे ऐकत होते. स्टँडवर आवाज येणारच नाही. स्टँडवर माणूस बसलेला नसतो. चढावर बाई पेडलवर उभ्या राहतील, चाक आणि फ्रेम जोरानं लवतील, आणि ती केसभर फट मिटेल. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. ज्याला तोंड होतं, तो खिशात हात घालून दाराशी उभा होता.

ताईनं सायकल खाली उतरवली. बाईंनी हँडल धरलं.

"ताई," सासरेबुवा म्हणाले, "तो डिरेलर तारांना लागला तर काय होतं?"

"तारांत अडकतो. चाक जागच्या जागी थांबतं. बसलेलं माणूस पडतं, आणि कसं पडेल ते सांगता येत नाही. का?"

सासरेबुवांनी खिशातून हात काढला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"पडली होती," ते म्हणाले. "बुधवारी. हुकावरून काढताना माझ्या हातून पडली. स्क्रूही मीच फिरवले. तार वाजली, ती मी ऐकली होती."

बाईंचा चेहरा लाल झाला होता. आता या बोलणार आणि चांगलं सुनावणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. बाई सासऱ्यांच्या पायांकडे बघत होत्या.

"तुमच्या अंगावर पडली का?" त्यांनी विचारलं. "म्हणून चार दिवस लंगडताय?"

सासरेबुवांनी पँट वर केली. नडगीवर हाताएवढा काळानिळा डाग होता.

"पाय म्हणजे पाय आहे, बाबा, मशीन नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी उद्या त्या चढावर जाणार होते. मला का नाही सांगितलंत?"

"हात गेले असं म्हणाली असतीस."

"हात थरथरतात ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

ताईनं सायकल पुन्हा स्टँडवर चढवली. डिरेलर सोडवला, मापाचा लांब दांडा कानात बसवला आणि हळूहळू कान सरळ केला. रांगेतल्या सहा जणांनी मुकाट्यानं वाट पाहिली.

सोमवारी सासरेबुवा एकटेच दुकानात आले. पायाला पट्टी होती. सून एकदाही पाय न टेकवता वर गेली, हे त्यांनी ताईला दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "तिनं पाठवलंय. म्हणाली, पुसायचं शिकून या, तोवर कुपीला हात लावायचा नाही."

शिकायला ताईनं त्यांच्यापुढे मला टाकलं. तेव्हापासून ते रोज तासभर येतात, रॉकेलात भिजवलेल्या फडक्यानं माझी एकेक कडी पुसतात. हात थरथरतो, फडकं निसटतं, कधी कधी पुसलेलीच कडी पुन्हा पुसतात. घाण अजून निघतेच आहे आणि मला अजूनही तिची शिसारी येते. त्यांची येत नाही.

मित्रांनो, तुमच्या सायकलीच्या चेनला आधी पुसा, मग थोडंसं तेल घाला आणि वरचं पुन्हा पुसून काढा. आवाज आला तर कुठल्या गिअरवर येतो ते बघा, दिसेल तो स्क्रू पिळू नका. आणि सायकल हातून पडली तर त्याच संध्याकाळी घरात सांगा. तिच्यावर दुसऱ्या दिवशी तुमच्याच घरचं माणूस बसणार असतं.