ओपुंटिया डिल्लेनी

चनबसाप्पांचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. व्यवहाराला चोख माणूस, पण निवडुंगाचं वेड असं, की घरची गच्ची कापलेल्या तेलाच्या डब्यांनी भरलेली. बायकोची लुगडी काट्यांत अडकून फाटायची आणि हे आपले पाणी घालत बसायचे. लेक शांभवी अकरावीला सायन्सला गेली आणि कॉलेजातून वनस्पतींचं जाडजूड पुस्तक घरी घेऊन आली. चित्र बघून झाड अप्पा ओळखायचे, शास्त्रीय नाव शांभवी वाचायची. तिला तरी कुठं येत होतं? अक्षराला अक्षर जुळवून ठोकून द्यायची, 'ओपुंटिया डिल्लेनी'. अप्पा ते गल्ल्यावर बसून घोकायचे.

पुढं बीएस्सीला गेल्यावर नावं कशी म्हणायची ते तिला कळलं. अप्पांना सांगायचं राहून गेलं. खरं तर तिचं गच्चीवर जाणंच सुटलं होतं.

सत्त्याण्णव साली वर्गाची सहल पन्हाळ्याला निघाली. सरांना विचारून, दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून अप्पाही हजर. शांभवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सकाळी अप्पांनीच बाजी मारली. तीन धारांच्या एका झुडपाला सगळा वर्ग कॅक्टस म्हणत होता. अप्पांनी काटकीनं टोचून पांढरा चीक दाखवला आणि हे कुंपणाला लावतात त्या शेराच्या भावकीतलं, निवडुंगाशी त्याचा संबंध न्हाय, म्हणून सांगितलं. सर खूश झाले.

मग फड्या निवडुंगाचं बेट लागलं, पिवळ्या फुलांनी भरलेलं. सरांनी नाव विचारलं. शांभवी तोंड उघडणार तोवर अप्पांनी ठणकावून सांगितलं, "ओपुंटिया डिल्लेनी."

पोरं खो खो हसत सुटली. सरांनाही हसू आवरेना. ओपन्शिया डिलेनियाय, असं त्यांनी सुधारून सांगितलं आणि मग सहज विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं हो?"

अप्पांनी एकदाच लेकीकडं बघितलं. ती हसत होती. व्हय, हसत होती, मैत्रिणींच्या वरताण. 'मी शिकवलं' एवढे दोन शब्द, पण मेले घशाबाहेर येतील तर शपथ.

"कुणी न्हाय सर," अप्पा म्हणाले. "अडाणी माणूस मी. मनानंच म्हणतोय."

त्यानंतर अप्पा सगळ्यांच्या मागून चालले. सरांनी एकदोनदा झाड दाखवायला हाक मारली, तर नुसती मान हलवली. शांभवीनं दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. बापाला अडाणी म्हणवून घ्यावं लागलं, तेही तिच्यापायी, आणि ती दात काढत उभी राहिली. स्वतःचीच किळस आली तिला.

परतताना गाडीत अप्पा शेजारी येऊन बसले. ती मान खाली घालून बसली. आता चार शब्द सुनावतील तर बरं, असं तिला वाटत होतं. अप्पांनी मागंपुढं बघून घेतलं आणि ते तिच्या कानाशी वाकले.

"आता बरोबर कसं म्हणायचं ते सांग की. पाठ करून ठेवतो. आज तुझं नाव निघता निघता ऱ्हायलं."

तिनं सांगितलं. तेही कुजबुजून, मैत्रिणींना ऐकू जाऊ नये म्हणून.