दुधाबरोबर घेतलेली गोळी

शिलाई मशीनची सुई टेलरमास्तरांच्या अंगठ्याशेजारच्या बोटात आरपार गेली, बोट टम्म सुजलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची थोरली बहीण पिशवी घेऊन सेवेला हजर झाली. न बोलावता. सेवेचा या बाईला भारी सोस. ज्याची सेवा होई त्याचे मात्र हाल कुत्रं खात नसे.

"औषध उष्ण पडतं. दुधाबरोबरच द्यायचं," ताईंनी फर्मावलं.

"गोळ्या देताना औषधवाल्यानं दूध नको म्हणून सांगितलंय," मास्तरांची बायको म्हणाली.

"त्यानं किती पोरं वाढवलीत?"

मास्तरांनी गोळी जिभेवर ठेवून दुधाचा पेला तोंडाला लावला. कात्री धरायचं बोट होतं ते, सगळ्या घराचं पोट त्याच्यावर. पण ताई दिसली की या माणसाची वाचाच बसायची. बायकोला त्याचा संताप यायचा.

सूज मनगटापर्यंत चढली. "गोळ्यांत कुठला आलाय दम? सुईच टोचायला हवी," ताई म्हणाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही मास्तरांना दाखल करून घेऊन सुईच लावली, तेव्हा ताईंना आभाळ ठेंगणं झालं.

"गोळी कशाबरोबर घेत होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, गोळी पोटातून रक्तात उतरावी लागते. या गोळीची दुधातल्या कॅल्शियमशी गाठ पडली की बरंचसं औषध आतड्यातच अडकतं आणि मागल्या दारानं निघून जातं. शिरेतून दिलेलं थेट रक्तात मिसळतं, त्याला पोटाचं काम नाही. तुमचं औषध पोटात गेलं, अंगात आलंच नाही."

अंगात आलं होतं ते ताईंच्या, असं बायकोच्या अगदी ओठांवर आलं होतं.

बोट वाचलं, पण वाकेना. फार उशीर झाला होता. घरी आल्यावर कात्री हातात धरली की निसटायची.

"कशानं झालं म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" ताईंनी खाटेशी येऊन विचारलं. मास्तर बायकोला डोळ्यांनी गप्प राहा म्हणून विनवत होते. या खेपेला तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुमच्या दुधानं," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं तिनं शब्दन् शब्द ऐकवलं.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे दूधच भेसळीचं असणार," त्या म्हणाल्या. "दूधवाला बदल म्हणून हिला मी कधीची सांगतेय. नाही का रे?"

मास्तरांनी ताठलेलं बोट पांघरुणाखाली सारलं.

"हो ताई," ते म्हणाले.