इथला शर्ट

एल्वूड केसलरनं सातवा शर्ट उलटा केला, आतल्या शिवणीत बोट घातलं आणि लपवलेली चिठ्ठी बाहेर ओढली. चष्मा कपाळावर चढवून अक्षरं वाचली आणि शर्ट काउंटरवर आपटला.

"छातीवर आपल्या देशाचा एवढा मोठा झेंडा, आणि शिवलाय समुद्रापलीकडे! लाज नाही वाटत विकायला?"

काउंटरमागची ट्रिशा दोन वर्षांपासून या दुकानात होती. बंदुका, गळ, बूट, शिकारीचे कपडे, सगळं ती एकटी बघायची. दर नोव्हेंबरात हा म्हातारा येणार, सगळे कपडे उलटेपालटे करणार आणि काही न घेता शिव्या घालून जाणार, हे तिला पाठ होतं.

"मिस्टर केसलर, इथं बनलेलं हवं असेल तर पायमोजे आहेत."

"पायमोजे घालून हरणं मारू? वर काय, नागडा जाऊ जंगलात?"

"शिकारीला कायदा फक्त केशरी जाकीट मागतो," ट्रिशा म्हणाली. "आत काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मागे बूट घालून बघणारे दोघं फिसकन हसले. एल्वूडच्या अंगाचा तिळपापड झाला. पण या खेपेला त्याला तसंच निघून जाता येत नव्हतं. पुढच्या सोमवारपासून हरणांची शिकार सुरू होणार होती, आणि शर्टावाचून त्याला छावणीचं दार बंद होतं.

त्याचं असं झालं होतं. हार्लन मॉयरच्या लाकडी झोपडीत दर वर्षी नऊ शिकाऱ्यांची छावणी पडायची. एल्वूड तिथं एक्केचाळीस वर्षं जात होता. तिथली रीत साधी होती. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट, म्हणजे पाठीखाली लोंबणारा भाग, कात्रीनं कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं. गेल्या वर्षी चाळीस पावलांवरचं हरीण एल्वूडनं घालवलं. संध्याकाळी हार्लन कात्री घेऊन पुढे आला आणि एल्वूडनं त्याला असा ढकलला, की हार्लनचा हात तापल्या शेगडीला लागून पोळला. कारण अंगातला तो लोकरी शर्ट गावातल्या हॅनर वूलन कारखान्यातला होता. एल्वूड तिथं तीस वर्षं कापड कापायचा. कारखान्याच्या शेवटच्या दिवसांत त्यानंच कापलेला.

"लोणचं घाल त्या शर्टाचं!" हार्लन हात धरून ओरडला होता. "पुढच्या वर्षी शेपूट कापून देशील असा शर्ट घालून ये. नाहीतर तोंड दाखवू नकोस."

त्या जपलेल्या शर्टाची या उन्हाळ्यात कसरीनं चाळण केली. दुकानातला कुठलाही शर्ट अंगात अडकवला असता तर प्रश्न मिटला असता. पण कारखाना बंद झाला त्या दिवशी एल्वूडनं गेटवर उभं राहून, दोनशे माणसांसमोर ओरडून सांगितलं होतं, की बाहेरचा एक टाका अंगाला लावून मी जंगलात पाऊल टाकणार नाही. एकोणीस वर्षं तो हे पाळत होता. हट्टी माणूस, दुसरं काय!

"एक बाई आहे," ट्रिशा शर्ट पुन्हा हँगरला लावत म्हणाली. "रिज रोडवर. तळघरात लोकरीचे शर्ट शिवते. कापडही इथल्याच गिरणीचं. आमचे मालक स्वतःचे तिच्याकडूनच शिवून घेतात. मिसेस बार्टोश."

एल्वूडचं तोंड कडू झालं. "सगळ्या जिल्ह्यात तीच सापडली तुला?"

"सगळ्या जिल्ह्यात तीच आहे," ट्रिशा म्हणाली.

लिओना बार्टोश हॅनरमधली सगळ्यात हुशार शिवणारी. बंद व्हायच्या आधी कंपनीनं तिला तीन आठवडे परदेशात पाठवलं, जिथं सगळं काम हलवायचं होतं तिथल्या मुलींना शर्ट शिवायला शिकवायला. आणि ती गेली! परत आली तेव्हा गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. या सगळ्यात एल्वूड सगळ्यांच्या पुढे होता. गद्दार हा शब्द गेटवर पहिल्यांदा त्यानंच उच्चारला होता.

तो दोन दिवस घरात धुमसत राहिला. बुधवारी सकाळी गाडी काढली आणि रिज रोडवर जाऊन तिची घंटा वाजवली.

दार उघडलं. लिओनाचे केस पिकले होते, पण नजर तशीच सुईसारखी होती. स्वेटरला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

"रस्ता चुकलास का?" ती म्हणाली.

"शर्ट हवाय."

"दुकानात जा."

"दुकानात सगळं बाहेरचं आहे."

"मग इथं कशाला आलास? मी कुठं तुमच्यातली आहे?"

एल्वूड टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि परत फिरावं तर सोमवार उरावर आला होता. "शिवायचा नसेल तर तसं सांग. थंडीत उभं का करतेस?"

लिओनानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "शिवीन. पण कापायचं तू. कापायला भाची येते, ती सणाला गेलीय आईकडे. माझी बोटं आता कात्री धरत नाहीत."

तळघरात हॅनरचं जुनं मशीन होतं, लिलावात घेतलेलं. लांब टेबलावर लाल-काळ्या चौकड्यांचं लोकरी कापड पसरलेलं होतं. एल्वूडनं नकळत त्यावरून तळवा फिरवला. जाड, जरासं टोचरं, खरं कापड. त्याला एकदम भरून आलं, आणि त्याचाही त्याला राग आला.

"नमुना कुठाय?" तो खेकसला. "पुठ्ठा ठेवल्याशिवाय कापू कसा?"

लिओना मशीनमध्ये दोरा ओवत होती. तिचे हात थांबले.

"नमुने तूच पाठवलेस ना, एल्वूड?"

"काय?"

"मी तिथं पोचले. पहिल्याच दिवशी बघते तर टेबलावर तुझे पुठ्ठे. बाही, पाठ, खिसा, कॉलर, सगळे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ए. के. माझ्याआधी आठ दिवस पोचले होते. काय नीट भरले होतेस रे! मधे मधे कागद घालून. एक कोपरा मुडपला नव्हता."

"मला सांगितलं होतं, गोदामात जाणार म्हणून."

"खोक्यांवर पत्ता कुणाच्या अक्षरात होता?"

पत्ता एल्वूडनंच लिहिला होता. मुकादमानं कागद पुढे केला आणि त्यानं ठळक अक्षरात, एकेक अक्षर तोलून, चौदा खोक्यांवर उतरवून काढला होता. त्या देशाचं नाव लिहिताना हात थांबला होता खरा. पण थांबला तेवढाच. नंतर गेटवर जाऊन तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडला होता, आणि एवढं का ओरडतोय हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

"तू कुणाला बोलली नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"कुणाला बोलू? माझ्याशी बोलत कोण होतं?" लिओनाचा आवाज चढला. "एकोणीस वर्षं चर्चमध्ये समोर बसतोस, छाती काढून. उठून सांगावं असं शंभरदा वाटलं. मग वाटलं, मरू दे. खड्ड्यात जा तू आणि तुझा गेट. आता कापणार आहेस की जातोस?"

एल्वूड गेला नाही. कोट काढून त्यानं खुंटीला लावला, खडू उचलला. नमुना नव्हता तर नव्हता. तीस वर्षं कापलेला शर्ट त्याला डोळे मिटून दिसत होता. चौकडीला चौकडी जुळवून त्यानं कापड दुमडलं, आणि खिशाची चौकडी छातीच्या चौकडीवर तंतोतंत बसेल असा तुकडा काढला. कात्री सरळ चालत राहिली. लिओना बघत होती. खोट काढण्यासारखं काही सापडलं असतं तर तिनं सोडलं नसतं.

"शुक्रवारी ये," ती म्हणाली. "बटणं लावायच्या आधी एकदा घालून बघ."

शुक्रवारी बटणं सोडून शर्ट तयार होता. शिवण अशी, की उलटी कुठली आणि सुलटी कुठली ते कळू नये. खिसा तर छातीवर शोधावा लागत होता. एल्वूडनं शर्ट अंगात घातला आणि आरशासमोर उभा राहिला.

खांदे दंडावर उतरले होते. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. पुढच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर घेतल्या तरी आत आणखी अर्धा माणूस मावला असता. खुंटीवर टांगल्यासारखा शर्ट त्याच्या अंगावर लोंबत होता.

"कुणाचं माप धरलंस?" लिओनानं विचारलं.

"कुणाचं म्हणजे? माझंच. बेचाळीस."

आता ही हसणार, असं त्याला वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. गावभरच्या माणसांना नुसत्या नजरेनं मापणारा कापणारा तो, आणि स्वतःला मापायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याची शरमेनं मान खाली गेली.

लिओनानं गळ्यातली टेप काढली. "हात वर कर."

त्यानं केले. बायको बर्निस जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याच्या इतकं जवळ कुणी आलं नव्हतं. लिओनानं टेप छातीभोवती घेतली, ओढली आणि आकडा बघितला.

"अडतीस."

"टेप चुकीची आहे. तीस वर्षं मी बेचाळीस आहे."

"टेप बरोबर आहे. हलू नकोस." तिनं पुन्हा मापलं. "बर्निस गेल्यापासून जेवतोस काय तू? डब्यातलं सूप?"

त्यानं हात खाली घेतले.

लिओना टेबलाशी गेली. तिनं वही उघडली, पेन्सिल घेतली आणि तशीच थांबली. हॅनरमध्ये माप कापणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं आणि मग शिवणारीनं लिहायचं, असा नियम होता. त्यानं सांगितल्याशिवाय कुणी आकडा लिहीत नसे. आकडा तिनंच बघितला होता, पण पेन्सिल कागदाला टेकवून ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

एल्वूडनं आरशातल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. घसा साफ केला.

"अडतीस," तो म्हणाला. "लिही."